आधी आवाज, मग चित्र

महाविद्यालयातल्या तासाचा एखादा भाग ध्वनिमुद्रित करून किंवा त्याची चित्रफीत बनवून विद्यार्थ्यांच्या हाती देणे, हे काम आज एकट्या प्राध्यापकाला जवळजवळ विनाखर्च करता येते. चाळीस वर्षांपूर्वी त्यासाठी संस्था उभाराव्या लागल्या होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला आणि कार्यक्रम तयार करण्यासाठी काही विद्यापीठांत दृकश्राव्य केंद्रे काढली. पुणे विद्यापीठातले केंद्र त्यांतल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी. स्टुडिओ, दिवे, कॅमेरामन, संकलक, निर्माता असा ताफा त्यामागे राबत असे आणि एवढे करून कार्यक्रम दिसे तो ठरल्या वेळीच, तोही बहुतांशी इंग्रजीत. त्या वेळी विद्यार्थी प्रयोगशाळेत असला, गावाकडची एस.टी. गाठत असला किंवा वीज गेलेली असली, की तो भाग हुकला तो हुकलाच.

पुढे कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि पडदा ही तिन्ही एकाच मोबाइलमध्ये आली, आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर तो मोबाइल विद्यार्थ्यांच्या हातीही पोहोचला. साधनांचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला. उरला तो खरा अवघड प्रश्न: नेमके काय मुद्रित करायचे?

२०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी अख्खा तास जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर घेतला गेला. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, पण ती सवय पुढे टिकवण्यासारखी नाही. एडएक्स या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांची पाहणी फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेल्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहिला जाण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपुढे जात नव्हता. स्टुडिओतल्या महागड्या चित्रणापेक्षा टेबलाशी बसून, समोरच्याशी बोलावे तसे केलेले चित्रण विद्यार्थ्यांना अधिक धरून ठेवते, असेही त्यांना आढळले. तयार स्लाइडपेक्षा हाताने लिहीत-काढीत समजावलेला भाग जास्त पाहिला गेला. तुटपुंज्या साधनांवर काम करणाऱ्या महाविद्यालयांना यापेक्षा दिलासा देणारा निष्कर्ष कोणता असेल!

म्हणून निवड करताना दोन कसोट्या लावाव्यात. जे वर्गात सगळ्यांना दिसत नाही ते, आणि जे दर वर्षी पुन्हा पुन्हा सांगावे लागते ते. रसायनशास्त्राचे टायट्रेशन दोन्हींत बसते. ब्युरेटमधल्या द्रवाचा पृष्ठभाग कडांना वर चढलेला आणि मध्ये खोलगट असतो. वाचन घ्यायचे ते त्या खोलगट भागाच्या तळाशी, डोळा बरोबर त्याच पातळीवर आणून. टेबलाभोवती वीसजण उभे असले, की हे दोघा-तिघांनाच दिसते. मोबाइलचे भिंग त्या पातळीवर आणून, ब्युरेटमागे पांढरा कागद धरून घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण हा मुद्दा कायमचा मिटवते. त्याच दृश्यात मोबाइल किंचित वर आणि किंचित खाली नेऊन दाखवला, तर वाचन कसे चुकते तेही समजते. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग बदलताना मात्र एक अडचण येते. कॅमेरा आपणहून रंग आणि उजेड जुळवत राहतो, त्यामुळे शेवटची ती फिकट गुलाबी छटा पडद्यावर कधी गडद, कधी पांढरट उमटते. फोकस आणि उजेड आधीच लॉक करावा, फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेवावी, आणि फ्लास्क हलवल्यावरही सुमारे अर्धा मिनिट टिकणारा रंग न कापता पूर्ण दाखवावा. तो टिकतो की उडून जातो, हेच तर विद्यार्थ्याला ओळखायला शिकायचे असते.

चित्र थोडे धूसर असले तर विद्यार्थी ते चालवून घेतात. आवाज खराब असला तर दोन मिनिटांत बंद करतात. पैसे खर्चायचेच असतील तर पहिले माइकवर खर्चावेत. बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट झाले, की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने घटतो. खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. वर्गाच्या शेवटच्या बाकावर ठेवलेल्या मोबाइलमध्ये शिक्षक विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे. काही शे रुपयांचा कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावला, तर बराचसा प्रश्न सुटतो. मोबाइलबरोबर आलेल्या इअरफोनच्या वायरीतला माइकही कामाला येतो, फक्त तो शर्टाला घासू देऊ नये.

जागाही पाहावी लागते. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, कारण तो शोषून घ्यायला माणसे नसतात. पुस्तकांच्या कपाटांमधली ग्रंथालयाची एखादी कोपऱ्यातली जागा किंवा घरातली कपडे आणि गाद्या असलेली खोली त्यापेक्षा चांगली. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर, आणि वेळ शक्यतो तास संपल्याची घंटा होणार नाही अशी. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता मुद्रण चालू ठेवावे. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीला त्या शांततेच्या तुकड्यावरून पार्श्वभूमीची घरघर ओळखता येते आणि बाकीच्या मुद्रणातून ती कमी करता येते. मात्र हा उपाय जपून करावा. जास्त केला तर माणसाचा आवाज पत्र्यातून आल्यासारखा वाटतो, आणि मग घरघर परवडली असे होते.

चित्रासाठी सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित मांडणी म्हणजे वरून वहीकडे पाहणारा मोबाइल. दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीच्या टोकाशी मोबाइल, आणि खाली कोरा कागद. गणिताची सिद्धता, अर्थशास्त्राचा मागणी-वक्र, हिशेबाची जर्नल नोंद, संस्कृतची संधी सोडवणे, हे सगळे यावर होते. लिहायला बॉलपेनऐवजी जाड टोकाचे स्केचपेन घ्यावे आणि अक्षर नेहमीच्या दुप्पट काढावे, कारण पाहणाऱ्याचा पडदा हाताच्या तळव्याएवढाच असतो. उजेड खिडकीतून, लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने घ्यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. संगणकावरचे काम दाखवायचे असेल तर ओबीएस स्टुडिओ ही मोफत प्रणाली पडदा आणि आवाज एकत्र टिपते. तिथे मजकूर वाचून दाखवण्याचा मोह टाळावा. रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यम अध्ययनावर अनेक वर्षे केलेल्या प्रयोगांतून असे दिसते, की चित्रासोबत बोललेले शब्द चांगले पचतात. तेच शब्द पडद्यावर लिहून शिवाय वाचूनही दाखवले तर बऱ्याचदा शिकण्यात अडथळाच येतो.

नुसत्या आवाजाकडे मात्र महाविद्यालयांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि हे खटकते. कारण खर्चाचा हिशेब सरळ आहे. सेकंदाला एक मेगाबिट दराने साठवलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ७५ एमबी जागा घेतो. तेवढ्याच वेळाचे बोलणे ६४ किलोबिटच्या एकपदरी एमपी-थ्रीमध्ये पाच एमबीत बसते, आणि ओपससारख्या नव्या पद्धतीने २४ किलोबिटवर साठवले तर दोन एमबीच्याही आत. ज्या विद्यार्थ्याचा दिवसाचा डेटा घरातली दोन भावंडे वाटून घेतात, त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. इतिहासातल्या एखाद्या घटनेची कारणमीमांसा, कवितेचे वाचन, परकीय भाषेतले उच्चार, परीक्षेआधीची उजळणी यांना चित्राची गरजच नसते; रोज तास-दीड तास एस.टी.ने ये-जा करणारी मुले हे कानाने ऐकू शकतात. निबंध आणि प्रकल्प तपासतानाही आवाज उपयोगी पडतो. समासात ‘स्पष्ट नाही’ असा शेरा मारण्यापेक्षा, दुसऱ्या परिच्छेदात नेमके कुठे घसरले हे दीड मिनिट बोलून पाठवले, तर विद्यार्थ्याला काय सुधारायचे ते कळते आणि आपले लेखन कुणीतरी मनापासून वाचले हेही कळते. आकृती, समीकरण किंवा नकाशा असेल तिथे मात्र नुसता आवाज हतबल ठरतो.

कमी खर्चात पद्धतशीर काम कसे होते याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. सायलॅब, पायथन, लिबरऑफिस अशा मुक्त प्रणाली शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत. त्यात वक्त्याचा चेहरा नसतो. असतो तो संगणकाचा पडदा आणि समजावणारा आवाज. या कामाचे मर्म त्याच्या संहितेत आहे. आधी शब्दन् शब्द लिहून काढला जातो, जाणकार ती संहिता तपासतात, आणि मग विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाला ती देऊन तो नुसत्या तिच्या आधारे काम करू शकतो का, हे पाहिले जाते. मुद्रण त्यानंतर. चित्र तेच ठेवून फक्त आवाज बदलता येत असल्यामुळे मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे पाठ उतरले. ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात. विद्यार्थी एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रणाली उघडतो, थांबवत थांबवत करून पाहतो. सगळ्या विषयांना हा साचा लागू होणार नाही, पण आधी संहिता आणि नवख्यावर चाचणी, या दोन गोष्टी कोणत्याही प्राध्यापकाने उचलाव्यात अशा आहेत.

मुद्रित पाठ वर्गाशी जोडला नाही तर तो मोबाइलमध्ये पडून राहतो. अमेरिकेत जॉनथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास स्पष्टीकरण घरी पाहायला देऊन वर्गातला वेळ उदाहरणे सोडवण्यासाठी मोकळा केला. ही पद्धत महाविद्यालयांतही रुजली. ती चालते ती एका अटीवर: वर्गात आल्यावर तोच पाठ पुन्हा सांगायचा नाही. शिक्षकाने एकदा दया येऊन तो सांगितला, की पुढच्या वेळी घरी कुणीच पाहत नाही. दुसरी युक्ती पाठातच प्रश्न पेरण्याची. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राचे एक ध्वनिचित्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवले. प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिलेल्या विद्यार्थ्यांचे मन कमी भरकटले, त्यांनी टिपणे जास्त घेतली आणि शेवटच्या चाचणीतही ते पुढे राहिले. यासाठी वेगळी प्रणाली लागत नाही. ‘इथे थांबा, वहीत उत्तर लिहा आणि मगच पुढे जा’ एवढे म्हणून पाच सेकंद गप्प राहिले तरी पुरते.

विद्यार्थ्यांनी स्वतः मुद्रण करणे ही याची दुसरी बाजू. जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचे काम महाराष्ट्रात झालेले आहे. त्यांतल्या काही ओव्या बायकांच्या आवाजात मुद्रित आहेत. समाजशास्त्राच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याने आजीची ओवी, कुंभाराचे चाकावरचे काम, बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराची आठवण मोबाइलवर टिपली, तर ते प्रकल्पाचे गुण मिळवून संपत नाही. पुढच्या वर्गाला ते शिकण्याचे साहित्य होते. यासाठी बोलणाऱ्याची परवानगी मुद्रणाच्या सुरुवातीलाच, त्याच्याच आवाजात घ्यावी, आणि ठिकाण व तारीख तिथेच बोलून ठेवावी.

पाठ तयार झाल्यावर वाटपाचा विचार राहतो. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही त्यांच्यासाठी तो ग्रंथालयातल्या संगणकावर आणि पेनड्राइव्हवर हवा. ऐकू न येणाऱ्यांसाठी मराठी उपशीर्षके हवीत, आणि संहिता आधी लिहिलेली असली तर ती जोडणे सोपे जाते. दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ‘हे इथे ठेवले, ते तिथे गेले’ असे न बोलता वस्तूचे नाव घेऊन बोलावे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दृकश्राव्य साहित्य सुगम स्वरूपात मिळावे अशी अपेक्षा ठेवतोच. स्वामित्वहक्काचेही भान लागते. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात दुसऱ्याची कृती वापरण्याची काही मुभा देते. पण तोच पाठ चित्रपटातल्या गाण्यासकट सर्वांसाठी खुल्या वाहिनीवर टाकणे वेगळे, तिथे परवानगी लागते. स्वतःचा पाठ इतर महाविद्यालयांनीही वापरावा असे वाटत असेल, तर त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्पष्ट लिहावा. फाइलच्या नावात विषय, घटक आणि वर्ष घालावे, आणि न जोडलेले मूळ तुकडे जपून ठेवावेत. अभ्यासक्रम बदलला की सबंध पाठ पुन्हा करण्याऐवजी त्यातली दोन मिनिटे बदलली तरी भागते.