ट्रकचं इंजिन, भाग ६ : क्रँक, बेरिंग आणि हातातले पैसे

मागच्या भागात हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवले. आज तळाचा ऑइल चेंबर काढून इंजिनच्या खालच्या बाजूला हात घालू. वर्धा जिल्ह्यात या कामाचे दिवस ठरलेले आहेत. दिवाळीच्या मागेपुढे कापसाच्या वेचणीला जोर येतो, हिंगणघाट-पुलगावच्या जिनिंगांपुढे गाड्यांच्या रांगा लागतात, मग एक दिवससुद्धा गाडी उभी ठेवणं परवडत नाही. म्हणून क्रँकचं काम काढायचं ते पावसाळ्यात, धंदा थंड असताना.

उदाहरणाला टाटाचं ६९७ घेतो. जुन्या १६१३मध्ये हेच इंजिन आहे. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. चारशेसातमधलं ४९७ त्याच हिशेबाने चार सिलिंडरचं. टाटाच्याच टेल्कोने १९५४ साली डेम्लर-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले, ६९७ त्याच घराण्यातलं. त्याचा क्रँक सात मेन बेरिंगांत फिरतो आणि सहा कनेक्टिंग रॉड त्याला बिगेंड बेरिंगांनी धरून असतात. खर्च वाढतो किंवा वाचतो तो या तेरा जागांवर.

क्रँक बेरिंगला घासत फिरतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. चालत्या इंजिनात तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशॅम्प टॉवर या इंजिनिअरने रेल्वेच्या धुऱ्याच्या बेरिंगवर प्रयोग केले. बेरिंगच्या माथ्यावर त्याने भोक पाडलं, तर त्यातून ऑइल वर यायला लागलं. बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. धुरा फिरतो तेव्हा ऑइलला स्वतःबरोबर ओढून चिंचोळ्या जागेत दाबतो आणि तो दाबच सगळं वजन उचलतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली याचं गणित मांडलं. म्हणजे ऑइल पंपाचं काम ऑइल पोचवण्याचं. वजन उचललं जातं ते फिरण्यामुळे. फेरे कमी आणि भार जास्त झाला की थर फाटतो. कापसाची एक गाठ १७० किलोची, शंभर गाठी म्हणजे १७ टन. १६१३चं गाडीसकट मंजूर वजनच १६ टनांच्या आसपास आहे. असा माल भरून चढावर वरच्या गियरमध्ये इंजिन रेटत नेलं, तर बेरिंगं जाणारच. गियर उतरवायला पैसे लागत नाहीत.

इंजिन ठोकायला लागलं की आधी इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करा. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर ठोका कमी होतो, त्याच्या बिगेंडवर पहिला संशय. कुठल्याही नटाने फरक पडला नाही आणि आवाज जड, खोल असेल तर मेन बघावे लागतील.

चेंबर आणि बेरिंगांवरच्या कॅप उतरल्यावर बेरिंगं उजेडात नेऊन नीट वाचा. पोलादी पट्टीवर तांबं-शिशाचा थर आणि त्यावर मऊ धातूचा करडा मुलामा, अशी त्यांची घडण असते. करड्यातून तांबूस रंग वर आला असेल तर झीज पुढे गेली. बारीक उभ्या रेघा आणि रुतलेले कण म्हणजे ऑइलमध्ये धूळ. एअर फिल्टर आणि ऑइल फिल्टर दोन्हीकडे बघा. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलेला असू शकतो. मुलामा वितळून सरकल्यासारखा दिसला तर ऑइल पोचलंच नाही, किंवा डिझेल मिसळून ते पातळ झालं. हे कारण सापडल्याशिवाय नवा सेट घेऊ नका, नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल.

आता पैशाचं. झिजलेल्या क्रँकवर मोजमाप न करता नवं स्टँडर्ड बेरिंग चढवायचं आणि घासण्याचा खर्च वाचवायचा, ही बचत मला कधीच मान्य नाही. प्रत्येक जर्नल, म्हणजे क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांनी आणि दोन्ही टोकांना मोजून घ्या. अंडाकृती झालेल्या जर्नलवर ऑइलचा थर टिकत नाही. माप मर्यादेत असेल तर नुसती पॉलिश पुरते. उगाच घासू नका, कारण प्रत्येक घासणीबरोबर क्रँकचं आयुष्य एक पायरी उतरतं. या पायऱ्या साधारण पाव मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजल्या तर दहा-दहाच्या, म्हणून मिस्त्री त्यांना दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात. माप किती निघालं ते ग्राइंडरवाल्याने सांगितल्यावरच त्या नंबरचा सेट घ्या. जर्नलच्या दोन्ही कोपऱ्यांतली गोलाई तशीच ठेवायला त्याला बजावून सांगा. कोपरा धारदार झाला की क्रँक तिथूनच तुटतो.

घासायला देण्याआधी तडा बघणं घरच्या घरी होतं. क्रँक रॉकेलने भिजवा, कोरडा पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीवर रेघ ओढतं. बारीक तडे यात सुटू शकतात. शंका वाटली तर मॅग्नेटिक तपासणी करून घ्या.

बचत करायची ती इथे: क्रँक आणि रॉड तेच वापरा, ऑइल पंप उघडून गियरमधली मोकळीक मोजा आणि चांगली असेल तर पंपही तोच ठेवा, उतरवणं-धुणं स्वतः करा. धुण्यात मात्र कंजुषी नको. ब्लॉक आणि क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांची बुचं काढून आत ब्रश फिरवा, डिझेलने धुऊन हवा मारा. आपल्याकडे हात पुसायला वेस्ट कॉटन मुबलक, पण त्याचे तंतू सुटतात आणि ऑइलच्या वाटेत जाऊन बसतात. जोडणीच्या दिवशी ते टेबलावर नको. धुतलेलं सुती धोतर फाडून घ्या.

बेरिंग आणि जर्नलमधली मोकळीक साधारण जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी असते. नेमका आकडा इंजिनच्या पुस्तकातूनच घ्या. ती तपासायला प्लास्टिगेज स्वस्त पडतं: मऊ धाग्याचा तुकडा कोरड्या जर्नलवर ठेवायचा, कॅप टॉर्क रेंचने कसायची, क्रँक न हलवता कॅप काढायची आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडायचा. मग ऑइल लावून मधल्या मेनपासून बाहेरच्या बाजूने कॅप कसत जा. एक कॅप कसली की क्रँक हाताने फिरवून बघा. जिच्यानंतर तो जड झाला तिच्यातच दोष आहे. कॅप आणि रॉडवरचे नंबर जुळलेच पाहिजेत, त्यांची अदलाबदल कधीही करायची नाही.

पहिल्यांदा चालू करताना स्टॉपची केबल ओढून ठेवा आणि ऑइल प्रेशर गेजचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा. पहिले हजारेक किलोमीटर हलका माल न्या आणि मग ऑइल-फिल्टर दोन्ही बदला.

पुढच्या आठवड्यात लायनर आणि पिस्टन घेऊ. तोवर ज्यांचा चेंबर उतरलेला आहे, त्यांनी जुनी बेरिंगं भंगारात टाकू नयेत. प्रत्येकाच्या पाठीवर सिलिंडरचा नंबर लिहून ठेवा. लायनरची झीज बघताना ती शेजारी लागतील.