कोण जिंकलं? थांबा, आधी तपासा!

दोस्तांनो, ९, १० आणि २ चढत्या क्रमाने लावा पाहू. सोप्पं! पण लिनक्सच्या संगणकाला नुसती ‘सॉर्ट’ ही आज्ञा द्या, तो लावील १०, २, ९! चुकला? छे, तो आकडे शब्दांसारखे वाचतो. ‘एन’ ही खूण जोडलीत की उत्तर बरोबर.

हे काम करणारा ‘ग्नू’चा सॉर्ट जुना. ‘यूयूटिल्स’ने तो रस्ट भाषेत नव्याने लिहिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात उबुंटू २५.१० मध्ये बसला. मग लावायची शर्यत? आधी उत्तरं जुळवा! नव्याला जुन्याच्याच चाचण्या देतात, तरी त्याच संचातल्या ‘डेट’मध्ये चूक राहिली आणि काही संगणकांचं नवे बदल आपोआप शोधणंच थांबलं.

आता वेळ मोजा, ‘टाइम’ आज्ञेने. पण पहिल्या खेपेला फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या खेपेला ती मेमरीत तयारच असते. म्हणजे एकाने फळा पुसून गणित सोडवायचं आणि दुसऱ्याला पुसलेला फळा आयता! (माझ्या वर्गात यावरून भांडणं होतील.) म्हणून पहिली फेरी मोजायचीच नाही. मग दोघांना आळीपाळीने दहादा पळवा.