पाव मैलाची शर्यत आणि मागचा आंस

अमेरिकेंत सरळ रस्त्यावर मोटारींची एक शर्यत होते; तिला तिकडे ड्रॅग रेस म्हणतात. दोन गाड्या उभ्या जागेवरून सुटतात आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, जी आधीं तोडील ती जिंकते. १९५१ सालीं वॅली पार्क्स यांनीं 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापून या खेळास शिस्त लावली. प्रेक्षकांचें लक्ष इंजिनाच्या गर्जनेकडे असतें. परंतु जय पुष्कळदां मागच्या आंसांतील दोन दांतेरी चाकांवर ठरतो.

लहान चाकास ९ व मोठ्यास ३७ दांते असले, तर इंजिनाकडून येणारा दांडा ४.११ वेळां फिरतो तेव्हां गाडीचें चाक एकदां फिरतें. हें प्रमाण जितकें मोठें, तितका सुटतांना रेटा अधिक. मग सर्वांत मोठें प्रमाणच कां घेऊं नये? नवशिके तेंच करतात आणि शेवटच्या टप्प्यांत फसतात. अंत्यरेषा यावयाच्या आधींच इंजिनाचा दम सरतो व शेजारची गाडी पुढें निघून जाते.

म्हणून जाणते लोक हिशेब उलटा, अंत्यरेषेपासून मांडतात. तेथील ताशीं मैलांचा वेग घ्यावा, त्यास आंसाच्या प्रमाणानें व ३३६ नें गुणावें आणि टायरच्या व्यासाच्या इंचांनीं भागावें. वरचा गिअर सरळ असून घसरण नसेल, तर इंजिनाचे मिनिटाचे फेरे निघतात. वेग ११० मैल, टायर २८ इंची व प्रमाण ४.११ असतां फेरे सुमारें ५,४२५, ४.८६ घेतल्यास ६,४१५. इंजिनाचें बळ ६,००० फेऱ्यांच्या आसपास शिखरास पोंचत असेल, तर मधलें ४.५७ बरें. मात्र टायर मोठा घातला कीं सारें गणित पुन्हां करावें लागतें, आणि नेमकें हेंच पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं!

फोर्ड गाड्यांतून १९५७ च्या सुमारास आलेला नऊ इंची आंस या मंडळींस फार प्रिय. मजबुती तर आहेच. शिवाय त्यांतील दांतेरी चाकांचा सबंध संच पुढून बाहेर काढतां येतो, त्यामुळें निराळ्या प्रमाणाचा दुसरा संच तयार ठेवून मैदानावरच बदल करतां येतो. उलटपक्षीं, त्यांतील लहान चाक बरेंच खालीं बसविलेलें असल्यामुळें घर्षणांत कांहीं शक्ति वायां जाते. कित्येक जण दोन्ही चाकें एकमेकांस पक्कीं जखडून टाकतात. सरळ धांवेस तें उत्तम, पण रोजच्या रस्त्यावर वळण घेतांना आंतलें टायर फरफटत जातें.