टाळ्यांच्या पुढे एक खुर्ची असते

कुठल्याही कॉलेजचं गॅदरिंग घ्या. ‘जोगवा’मधल्या गाण्यावर एक तरी ग्रुप डान्स असतोच. कपाळभर भंडारा, हातात परडी, मोकळे सोडलेले केस आणि शेवटच्या बीटला अख्खं ऑडिटोरियम उभं! पण २००९ मध्ये आलेला हा सिनेमा तुमच्यापैकी कितीजणांनी पूर्ण पाहिलाय? त्यातला उपेंद्र लिमयेंचा तायप्पा आठवून बघा. घरच्यांनी आणि गावाने यल्लम्माला सोडलेला, जबरदस्तीने लुगडं नेसायला लावलेला जोगता. गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत, पण तसाच कुणी लुगडं नेसलेला माणूस एसटी स्टँडवर समोर आला की आपण पटकन मोबाइलमध्ये डोकं घालतो.

तायप्पा पडद्यावरचा. आज ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या मंजम्मा जोगती खऱ्याखुऱ्या आहेत आणि त्यांची गोष्ट तायप्पाच्या बरोबर उलटी आहे. त्याच्यावर साडी लादली गेली. मंजम्मांना मुलगा म्हणून वाढवलं जात होतं, पण त्यांना आतून आपण मुलगी आहोत हे लहानपणापासून कळत होतं. गाव कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातलं. १९७५च्या सुमारास घरच्यांनी त्यांना होसपेटजवळच्या हुलिगेम्माच्या देवळात नेलं आणि देवीला सोडलं. एकदा जोगती झालं की घरी परत जाता येत नाही. म्हणजे घरच्यांच्या डोक्यावरचा प्रश्न मिटला आणि मुलाचा सुरू झाला.

पुढची काही वर्षं वाचायला सोपी नाहीत. जीव द्यायचा प्रयत्न, इडल्या विकून काढलेले दिवस, साडी नेसून रस्त्यावर मागितलेली भीक, लुटालूट आणि लैंगिक अत्याचार. हे सगळं मंजम्मांनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलंय, तेही कुठलीही सहानुभूती न मागता.

मग दावणगेरेच्या बसस्टँडवर त्यांना एक बाप-लेकाची जोडी दिसली. वडील गात होते आणि मुलगा डोक्यावर कलश ठेवून नाचत होता. हेच जोगती नृत्य. मंजम्मा तिथेच ते शिकायला लागल्या.

हा नाच एकदा तरी बघाच. डोक्यावर देवीचा कलश असतो, त्याला हात लावायचा नाही. चौंडक्याचा ठेका वाढत जातो, तसे पाय वेगात पडायला लागतात. गिरक्या, वाकणं, बसणं, उठणं सगळं होतं, पण मान जागची हलत नाही. जिममध्ये ‘कोअर स्ट्रेंथ’ म्हणून आपण जे काही करतो ना, त्याची इथे खरी परीक्षा. तुमच्यापैकी कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्यांना यात नवीन काही वाटणार नाही. सौंदत्तीच्या यात्रेला आपल्याकडून गाड्या भरभरून जातात आणि चौंडकं घेऊन दारात येणारे जोगते तुमच्या आजीने नक्की पाहिलेत.

फरक पडला तो पुढे. कालव्वा जोगती नावाच्या एक जाणत्या कलावंत होत्या. मंजम्मा त्यांच्या मंडळीत गेल्या, नाटकांत कामं करू लागल्या आणि कालव्वा गेल्यावर तो ताफा त्यांनी चालवला. दारोदार मागण्यासाठी केला जाणारा नाच आता तिकडच्या रंगमंचांवर, महोत्सवांमध्ये, अधिकृत कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापून होऊ लागला. जोगवा मागणं आणि मानधन घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात समोरचा दया करतो (किंवा शाप लागेल म्हणून घाबरतो). दुसऱ्यात तो तुमच्या कामाचे पैसे देतो. माझ्या मते मंजम्मांचं सगळ्यात मोठं सामाजिक काम हेच. घोषणा नाही, भाषण नाही, फक्त पैशाचं नाव बदललं.

२००६ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. २०१० मध्ये राज्योत्सव पुरस्कार. आणि २०१९ मध्ये त्याच जानपद अकादमीच्या त्या अध्यक्ष झाल्या. या पदावरच्या पहिल्या ट्रान्स स्त्री. जानपद म्हणजे लोककला. राज्यातल्या लोककलावंतांसाठी काम करणारी ही सरकारी संस्था. बक्षीस घ्यायला स्टेजवर जाणारी व्यक्ती आता बक्षीस देणाऱ्यांच्या बाजूला बसली.

टीव्हीवर मात्र गाजली ती पद्मश्रीची क्लिप. ९ नोव्हेंबर २०२१, राष्ट्रपती भवन. मंजम्मा राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्यासमोर आल्या आणि पुरस्कार घेण्याआधी त्यांनी आपल्या साडीच्या पदराने चक्क त्यांची दृष्ट काढली! राष्ट्रपती हसले, दरबार हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ज्यांना लोक अपशकुनी म्हणून टाळतात, त्यांच्यापैकी एक जण देशाच्या प्रमुखाला आशीर्वाद देत होती.

हे सगळं छान आहे, पण एक गोष्ट खुपते. हा नाच आला कुठून? मुलांना देवीला सोडण्याच्या प्रथेतून. देवदासी सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ मध्येच कायद्याने बंदी घातली. मग त्या प्रथेच्या पोटातून आलेली कला आपण डोक्यावर घ्यायची का? मला वाटतं, घ्यायची. पण त्यामागची गोष्ट झाकून नाही. नाच राहावा आणि तो नाचण्यासाठी कुणाचं घर सुटू नये, एवढं मागणं जास्त नाही.

आणि दुसरं म्हणजे नुसत्या नाचाने कायदे बदलत नाहीत. २०२१ मध्ये कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत ट्रान्सजेंडर व्यक्तींना एक टक्का आरक्षण दिलं, ते कोर्टातल्या याचिकेमुळे. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ला तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, तेव्हाही आधी वकिलांची आणि कार्यकर्त्यांची मेहनत होती. पण त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांमध्ये आपल्या ठाण्याची लक्ष्मी नारायण त्रिपाठी होती आणि ती मुळात भरतनाट्यमची नर्तकी. हजारो लोकांसमोर उभं राहून नजर न झुकवण्याची सवय तिला स्टेजनेच लावली असणार, असं मला उगाच वाटत नाही.

तामिळनाडूच्या नर्तकी नटराज यांचंही तसंच. मदुराईचं घर सुटलं आणि तंजावर परंपरेतले गुरू किट्टप्पा पिळ्ळै यांनी शिष्य म्हणून जवळ केलं. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं भरतनाट्यम शिकून त्या मोठ्या कलावंत झाल्या. २०१९ मध्ये पद्मश्री मिळवणाऱ्या त्या पहिल्या ट्रान्स स्त्री. पण मला त्यापेक्षा २०२१ची बातमी जास्त आवडते. तामिळनाडू सरकारने त्यांना राज्य विकास धोरण परिषदेवर सदस्य म्हणून घेतलं. राज्याचं धोरण ठरवणाऱ्या टेबलावर अर्थतज्ज्ञांच्या बरोबरीने एक नर्तकी!

आपल्या पिढीला यातलं जास्त ओळखीचं रूप म्हणजे ड्रॅग. मुंबईच्या सुशांत दिवगीकरने २०१८ मध्ये ‘सा रे ग म प’च्या स्टेजवर ‘राणी को-हि-नूर’ बनून एकाच गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज लावले, तेव्हा घरोघरी जेवताना टीव्ही बघणाऱ्या आई-बाबांनी ते ऐकलं. इन्स्टावर आपल्याला रील दिसते, त्यांना मात्र रविवारच्या प्राइम टाइमला प्रश्न पडला. दोन्हीत मी दुसऱ्याला जास्त मार्क देईन.

आता आपल्याकडे वळू. एकांकिका स्पर्धांचा सीझन आला की अजूनही एखाद्या संहितेत ‘बायकी’ मुलगा घुसवला जातो. कमरेत लचक, आवाज वर आणि हशा वसूल. लिहिणाऱ्याला वाटतं, पंच जमला. त्याच वेळी प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेत बसलेला एखादा मुलगा सगळ्यांबरोबर हसतो, कारण न हसणं त्याला परवडणारं नसतं. तालमीला अजून वेळ असेल तर लक्ष्मीचं मराठीतलं आत्मकथन, ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’, कॉलेजच्या लायब्ररीत शोधा. नसेल तर मागणीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहा. आणि टीममध्ये असं कुणी असेल, तर त्याला विनोदी पात्र देण्याआधी एकदा दिग्दर्शनासाठी विचारून बघा.