प्रेम व मृत्यू यांविषयीच्या मनोवृत्तींचे मापन

मनुष्यजीवनातील ज्या अनुभवांविषयी कवींनी व तत्त्वचिंतकांनी सर्वाधिक लिहिले, त्यांत प्रेम व मृत्यू यांना अग्रस्थान द्यावे लागेल. अशा विषयांना मोजमापाची पट्टी लावणे सामान्य वाचकास धाडसाचे, किंबहुना अरसिकपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु मानसशास्त्रज्ञ जे मोजू पाहतो ते प्रेम नव्हे आणि मृत्यूही नव्हे. त्यांविषयीची व्यक्तीची मनोवृत्ती हेच त्याच्या मापनाचे क्षेत्र होय. हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

मनोवृत्ती प्रत्यक्ष दिसत नाही. उक्ती व कृती यांवरून तिचे अनुमान करावे लागते. हे अनुमान अंकांत मांडता येते, असे प्रतिपादन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांनी १९२८ साली केले. त्यांच्या पद्धतीत अनेक परीक्षकांकडून विधानांची अनुकूलतेच्या क्रमाने विभागणी करवून प्रत्येक विधानाचे मूल्य ठरविले जाई. १९३२ साली रेन्सिस लिकर्ट यांनी अधिक सुलभ मार्ग दाखविला. उत्तर देणाऱ्याने प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत हे पाच पायऱ्यांपैकी एक निवडून सांगावे व त्या अंकांची बेरीज करावी, असा तो मार्ग होय. पुढील बहुतेक प्रश्नावल्या याच वळणावर गेल्या.

प्रेमाच्या बाबतीत झिक रुबिन यांचे १९७० सालचे संशोधन प्रसिद्ध आहे. एखादी व्यक्ती आवडणे आणि तिच्यावर प्रेम असणे या एकाच भावनेच्या कमीअधिक मात्रा आहेत की भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी प्रत्येकी तेरा विधानांच्या दोन श्रेणी तयार केल्या. प्रेमाच्या श्रेणीत ओढ, दुसऱ्याच्या हिताची काळजी व जवळीक यांना स्थान होते. आवडीच्या श्रेणीत गुणांविषयीचा आदर व आपल्याशी असलेले साम्य यांना. परस्परांच्या सहवासात असलेल्या तरुण जोडप्यांमध्ये या दोन श्रेणींचा सहसंबंध पुरुषांत ०.६० व स्त्रियांत ०.३९ इतका आढळला. म्हणजे दोन्ही भावना परस्परांशी निगडित असल्या तरी एकरूप नाहीत, आणि स्त्रियांनी त्यांतील भेद अधिक स्पष्टपणे केला. प्रेमश्रेणीवर अधिक गुण मिळविणारी जोडपी परस्परांच्या डोळ्यांत अधिक वेळ पाहत असल्याचेही दिसून आले. कागदावरील उत्तराला वर्तनाचा असा आधार मिळाला, हे या संशोधनाचे विशेष मोल.

त्याच वर्षी डोनाल्ड टेम्पलर यांनी मृत्यूविषयक चिंतेची श्रेणी प्रसिद्ध केली. तीत होय किंवा नाही असे उत्तर द्यावयाची पंधरा विधाने असून, नऊ विधानांत होकार व सहा विधानांत नकार हा चिंतेचा दर्शक मानला जातो. ही योजना सहेतुक आहे. काही माणसांना कोणत्याही विधानास मान डोलावण्याची सवय असते. सर्व विधाने एकाच दिशेची असतील तर त्या सवयीचीच गणना चिंता म्हणून होईल. तीन आठवड्यांनी पुन्हा घेतलेल्या चाचणीत सहसंबंध ०.८३ आला, म्हणजेच श्रेणी बऱ्याच अंशी विश्वसनीय ठरली.

तथापि विश्वसनीयता म्हणजे यथार्थता नव्हे. दररोज पाच मिनिटे मागे असणारे घड्याळ नियमित असते, पण वेळ चुकीचीच सांगते. हरमन फाइफेल व ॲलन ब्रॅन्सकोम यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा धोका स्पष्ट झाला. थेट विचारले असता बहुतेकांनी मृत्यूचे भय नाकारले. मृत्यूविषयीच्या कल्पनाचित्रांतून संमिश्र भाव प्रकटला. आणि उत्तर जाणीवपूर्वक घडविता येणार नाही अशा चाचण्यांत मृत्यूविषयीची प्रतिकूलता उघड झाली. प्रश्नावली यांतील केवळ पहिल्या थराला स्पर्श करते.

शिवाय भय तरी कशाचे? कॉलेट व लेस्टर यांनी १९६९ साली स्वतःचा मृत्यू, स्वतःचे मरणे, इतरांचा मृत्यू व इतरांचे मरणे असे चार विभाग केले. मृत्यू ही अवस्था आणि मरणे ही प्रक्रिया. एकीचे भय नसूनही दुसरीचे असू शकते. आणि आप्ताच्या मृत्यूच्या भयात प्रेम व मृत्यू हे दोन्ही विषय एकत्र येतात.

मराठीत अशी प्रश्नावली आणताना शब्दशः भाषांतर पुरेसे होत नाही. ‘प्रेम’ हा शब्द आईचा, मित्राचा, पतिपत्नींचा व भक्ताचाही आहे. माया, ममता, जिव्हाळा, स्नेह यांच्या छटा निराळ्या आहेत. मरणाचा उच्चार तर अनेक घरांत अभद्र मानला जातो. ‘देवाज्ञा झाली’ असे म्हणून तो टाळला जातो. ‘ते कोणाला चुकले आहे?’ हे वृद्धाचे उत्तर मनापासूनचा स्वीकार दर्शविते की केवळ बोलण्याची रीत, हे अंकावरून कळत नाही.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. १९९४ साली वाँग, रेकर व गेसर यांनी सुधारून मांडलेल्या श्रेणीत मृत्यूच्या स्वीकाराचे तीन प्रकार केले आहेत: निसर्गक्रम म्हणून, परलोकाच्या आशेने, आणि दुःखातून सुटका म्हणून. दोन रुग्णांच्या भयाचा अंक सारखाच अल्प असेल. परंतु एक शांत असेल, तर दुसरा वेदनांनी जीविताला कंटाळलेला असेल. पहिल्याची शांती जपावयाची आहे, दुसऱ्याला उपचारांची व आधाराची तातडीची गरज आहे. केवळ एकूण बेरीज पाहणाऱ्यास हे दोघे सारखेच भासतील.

सारांश, प्रश्नावली समूहांची तुलना करण्यास व विचारास दिशा देण्यास उपयुक्त साधन आहे; एका माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार तिला नाही. अंक हाती आल्यावर त्या माणसाशी बोलणे शिल्लकच राहते.