कुंपणाआडचा जखमी

राष्ट्रे व्यापारी संघातून बाहेर पडतात तेव्हा जकात, बंदरे आणि मासेमारीचे हक्क यांवरून वादळे उठतात. अपघातात जायबंदी झालेल्या माणसाला भरपाई कोण देणार, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाच्या कानी पडत नाही. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले व त्या वर्षाअखेर संक्रमणकाळही संपला. त्यानंतर तेथे सक्तीच्या मोटार विम्याच्या कायद्यात झालेला बदल म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रकरणाचे मूळ स्लोव्हेनियातील एका शेतावर आहे. २००७ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथे गवताचे भारे माळ्यावर रचले जात असता, मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची ट्रॉली शिडीस धडकली आणि शिडीवरील गृहस्थ खाली कोसळले. हा काही रस्त्यावरील अपघात नव्हे, मग मोटार विम्याचा संबंध काय, हा वादाचा मुद्दा. युरोपीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१४ रोजी निवाडा दिला की, वाहनाच्या नेहमीच्या कार्याशी सुसंगत असा कोणताही वापर सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येतो. मग ती जागा खाजगी का असेना.

ब्रिटनमध्ये १९३० पासून त्रयस्थाच्या संरक्षणासाठी विमा सक्तीचा आहे. पण ती सक्ती रस्ते व सार्वजनिक जागांपुरती. नव्या निवाड्याप्रमाणे गवत कापण्याच्या यंत्रगाड्या, गोल्फच्या मैदानावरील गाड्या आणि शर्यतीच्या मोटारी यांनाही विमा उतरवावा लागला असता. तसे झाल्यास सुमारे २ अब्ज पौंडांचा बोजा पडेल आणि प्रत्येक मोटारधारकाचा हप्ता वर्षाला सुमारे ५० पौंडांनी वाढेल, असे तेथील सरकारचे म्हणणे होते. दरम्यान २०१९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने, खाजगी शेतात बिनविम्याच्या वाहनाखाली सापडलेल्या पादचाऱ्याची भरपाई विमा कंपन्यांच्या सामायिक संस्थेने केली पाहिजे, असे ठरविले. पार्लमेंटने २०२२ च्या कायद्याने हा मार्ग बंद केला. २८ जून २०२२ पासून तो निवाडा इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये लागू राहिला नाही.

आपल्या घराच्या आवारात गवत कापणाऱ्या गृहस्थास विम्याचा हप्ता भरावयास लावणे हास्यास्पदच होते, हे मान्य केले पाहिजे. खुद्द युरोपीय संघानेही २०२१ साली आपल्या निर्देशात दुरुस्ती केली. अपघाताच्या वेळी वाहन वाहतुकीचे साधन म्हणून वापरले जात असेल तरच विमा लागू, अशी मर्यादा त्याने घातली; मात्र जागा खाजगी की सार्वजनिक, या भेदास थारा दिला नाही. याचा अर्थ मधला मार्ग होता. ब्रिटनने तो न धरता सरसकट कुंपण घातले. आज तेथे खाजगी आवारात बिनविम्याच्या मोटारीने कोणाचा कणा मोडला, तर त्याने चालकावर दावा लावावा आणि चालकाच्या खिशात काही नसल्यास नशिबाला दोष द्यावा. पन्नास पौंड वाचले ते लक्षावधींचे, गमावले ते मोजक्या जखमींचे. मोजक्यांचा आवाज मतदानात उमटत नाही.

युरोपात प्रवास करणाऱ्या ब्रिटिश रहिवाशाचेही असेच झाले. पूर्वी तिकडे अपघात झाला तर मायदेशीच दाद मागण्याची सोय होती. १ जानेवारी २०२१ पासून ती गेली, व परक्या देशात, परक्या भाषेत खटपट करणे बहुधा भाग पडते. पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांनाही हा फरक जाणवल्यावाचून राहणार नाही.

आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने विम्याची सक्ती ब्रिटिश धर्तीवरच स्वीकारली आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्येही ‘सार्वजनिक जागा’ हेच शब्द आहेत. पण त्या शब्दांचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऐंशीच्या दशकात उदार दृष्टी ठेवली. जेथे लोकांना कोणत्याही कारणाने, परवानगीने का होईना, प्रवेश मिळतो ती जागा सार्वजनिकच, असे त्याने म्हटले. खाणीचे आवार असो वा कारखान्याचे अंगण, तेथे राबणाऱ्यास या दृष्टीचे मोल कळेल.

आपले कायदे आपणच करण्याचा ब्रिटनचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु सक्तीचा विमा हा मुळात विमेदारासाठी नसतो. ज्याने हप्ता भरला नाही, करारावर सही केली नाही, केवळ वाटेत सापडला, अशा त्रयस्थासाठी तो असतो. हप्ता किती वाचला याचा हिशेब मांडताना त्याचे नाव वजाबाकीत जाऊ नये, एवढीच अपेक्षा.