स्वच्छ पाण्यात मासे का मेले?

पंढरपुरातल्या एका शाळेत आम्ही माशांची काचेची टाकी मांडली होती. पावसाळ्यात पन्हाळीखाली साठवलेले पाणी आणि सहा सोनमासे. दिवाळीनंतर पाणी पिवळट दिसू लागले, म्हणून अर्धे काढून बोअरचे नितळ पाणी भरले. संध्याकाळी मासे वर येऊन धापा टाकू लागले. सकाळी चार मेलेले.

बोअरचे पाणी विषारी, असा मुलांनी निकाल दिला. पण आवारातल्या हौदात तेच पाणी होते आणि डासांसाठी सोडलेले गप्पी त्यात मजेत होते! (गप्पी चिवट खरे; तरी शंका घ्यायला जागा होतीच.)

टाकीतून काढलेले पाणी बादलीत तसेच होते, हे बरे झाले. त्याचा सामू ६ निघाला, बोअरच्या पाण्याचा ८.

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होते. बोअरच्या पाण्यातली बायकार्बोनेटे ते आम्ल शोषून घेतात. पावसाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतात. त्यामुळे सामू उतरत गेला, जिवाणू मंदावले आणि अमोनिया साठला. मात्र आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम आयनाच्या रूपात असतो आणि माशांना फारसा बाधत नाही. सामू वाढला की त्याचाच विषारी अमोनिया होतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना हा वाटा शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो, ८ ला शेकडा ५ हून जास्त. म्हणजे विष बोअरमधून आले नव्हते, टाकीतच दबून होते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. चिमूटभर नवसागर हुंगा, वास नाही. त्यात ओला चुना मिसळा आणि दुरूनच हुंगा.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत चूक आणखी महागात पडते. समुद्राच्या पाण्याचा सामू मुळातच ८ च्या वर, आणि लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार. बदलायचे पाणी तेवढेच खारे हवे. पण बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरायचे, कारण क्षार उडून जात नाहीत.

आता आम्ही दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलतो, म्हणजे टाकीतले पाणी बोअरच्या पाण्यापासून फार दूर जात नाही. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडण्यासाठी दिवसभर उघडे ठेवतो. ओतण्यापूर्वी दोन्हींचा सामू मुलेच वहीत लिहितात.